पाहुणा रुळेपर्यंत

वसईसारख्या समुद्रकाठच्या गावात आमची साठ-पासष्ट वर्षे गेली. पहाटे बंदरावरून येणाऱ्या मासळीच्या पाट्या, दारावर हाक मारणाऱ्या कोळणी, उन्हात वाळत घातलेले बोंबील हे सारे आमच्या नित्याच्या जगण्याचाच भाग. तरीही समुद्राची आणि आमची ओळख कालवणाच्या भांड्यापलीकडे फारशी गेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. मासा ताजा की शिळा हे आम्ही डोळे आणि कल्ले पाहून सांगू. पण तो जिवंतपणी कसा राहतो, कशाला भितो, नव्या जागी नेला तर तिथे तो केव्हा आणि कसा रुळतो, असला प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो पाडला आमच्या अकरा वर्षांच्या नातवाने आणि त्याच्या मागोमाग घरात आलेल्या एका विलक्षण जिवाने.

नातवाचा जन्म मस्कतचा. त्याचे आईवडील दोघेही तिकडे नोकरीला. २०२३ साली मुलाच्या कंपनीने आपले काम आवरते घेतले. दुसरी नोकरी मिळेपर्यंत घरभाडे आणि शाळेची फी यांचा मेळ बसेना. तेव्हा पोराने पुढचे शिक्षण गावी राहून करावे, असे सर्वानुमते ठरले. सर्वानुमते म्हणजे मोठ्यांच्या मते. ज्याला यायचे होते त्याला कोणी विचारले नव्हते, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. मे महिन्यात तो दोन बॅगा घेऊन आला. तिकडे त्याने लहानशा काचपेटीत गोड्या पाण्यातले दोन मासे पाळले होते. ते शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून यावे लागले. इथे आल्यावर तो रडला नाही, कशाला नाही म्हणाला नाही, पानात वाढलेले निमूट जेवला. फक्त बोलेनासा झाला. हाक मारली की ‘हो’ म्हणायचा आणि पुन्हा माडीवरच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायचा. आम्ही त्याला बाजारात नेले, किल्ल्यात नेले, सोयऱ्याधायऱ्यांकडे नेले, सुकेळी खाऊ घातली, शेजारची मुले घरी बोलावून आणली. आम्ही जितके पुढे सरसावलो तितका तो मागे सरकला.

ऑक्टोबरच्या सुट्टीत एका सकाळी आम्ही त्याला पाचूबंदरला घेऊन गेलो. ओळखीच्या एका नाखवांची बोट नुकतीच किनाऱ्याला लागली होती. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड पसरून राहणाऱ्या डोल जाळ्यात बोंबील, मांदेली, करंदी, जवळा असे सगळेच एकदम येते; मग बायका बसून त्याची निवड करतात. खपणारे पाट्यांत जाते आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ते एका बाजूला पडते. त्या बाजूच्या ढिगात बारके खेकडे होते, चिंबलेली पिल्ले होती आणि कोळंबीसारखे दिसणारे, पण चपटे, करड्या-हिरवट रंगाचे काही प्राणी होते. असला माल वाळवून खताला किंवा कोंबड्यांच्या खाद्याला जातो. आमचा नातू त्या ढिगापाशी उकिडवा बसला तो उठेचना. थोड्या वेळाने म्हणाला, “आजोबा, हे मँटिस श्रिंप आहेत. आणि हा एक अजून जिवंत आहे.”

पाच महिन्यांत आपणहून उच्चारलेली त्याची ती पहिलीच दोन सलग वाक्ये. त्याने हात पुढे केला तोच नाखवा ओरडले, “पोरा, बोट घालू नको तिथे. सुरी आहे ती!” आणि त्यांनी आपल्या अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला.

‘मँटिस’ म्हणजे पुढचे दोन पाय जोडून जणू प्रार्थनेला बसलेला तो हिरवा कीटक. बागेतल्या पानांवर तो आपण सर्वांनी पाहिला आहे. या समुद्रजीवाचेही पुढचे दोन पंजे तसेच छातीशी दुमडलेले असतात, म्हणून त्याला हे नाव. आविर्भाव प्रार्थनेचा, हेतू मात्र शिकारीचा! वास्तविक हा प्राणी कोळंबी नव्हेच; कोळंबी, खेकडा, शेवंड यांचा तो दूरचा भाऊबंद. त्याची शाखा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळी झाली आणि आज जगात तिच्या साडेचारशेहून अधिक जाती आहेत. त्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. एका वर्गाच्या पंजाला गदेसारखी गाठ असते. हे प्राणी ठोसा मारून शंख-शिंपले फोडतात. दुसऱ्या वर्गाच्या पंजाला काटे असतात; हे बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतात आणि जवळून जाणारा मासा किंवा करंदी त्या काट्यांवर टोचून आत ओढतात.

ठोसा मारणाऱ्यांची कीर्ती मोठी. त्यांच्यातल्या मोरपंखी रंगाच्या जातीचा फटका शास्त्रज्ञांनी २००४ साली मोजला, तेव्हा पंजाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. त्या वेगाने पाण्यात क्षणभर पोकळी निर्माण होते आणि ती मिटताना भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो. १९९८ साली इंग्लंडमधील ग्रेट यारमथच्या मत्स्यालयात अशाच एका प्राण्याने पेटीची काच फोडल्याची बातमी गाजली होती. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी असतात, माणसाच्या डोळ्यात तीन. तरी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, दोन जवळजवळच्या रंगछटांमधला फरक ओळखण्यात ते आपल्याहून मागेच पडतात. ही सारी माहिती नातवाला तोंडपाठ होती. ती त्याने आम्हाला त्या दिवशी बंदरावरून घरी येताना रिक्षात सांगितली, आणि आम्ही मध्ये एक शब्द न बोलता ऐकत राहिलो.

आमच्या किनाऱ्यावरचा प्राणी मात्र दुसऱ्या वर्गातला. चिखलात बीळ करणारा, अंगावर कसलाही थाट नसलेला, पंजाच्या शेवटच्या पेऱ्यावर सहा तीक्ष्ण दाते असलेला. त्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांची रचनाही मोरपंखी जातीपेक्षा साधी. “हा तो प्रसिद्ध नाही,” नातू म्हणाला, “पण हा आपला आहे.” नाखवांनी डब्यात समुद्राचे पाणी भरून तो जिवंत प्राणी त्याच्या हाती दिला होता. पोराच्या मांडीवरचा तो डबा पाहून आमचा आनंद गगनात मावेना. आमची सारी चूक त्या आनंदात होती.

कारण डबा घरी आला आणि आमच्याकडे पेटीच नव्हती. धावत जाऊन आम्ही एक काचपेटी आणली. हवेचा पंप आणला. किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणून रात्रभर निवळायला ठेवले. तेही घरातल्या लखलखीत घासलेल्या तांब्याच्या हंड्यात. तांब्याच्या भांड्यातले पाणी निर्मळ, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. सकाळी ते पाणी पेटीत ओतले, वर चार मुठी वाळू टाकली आणि त्या जिवाला डब्यातून सरळ तिच्यात सोडले. तो पेटीच्या चारही कोपऱ्यांत फिरला, काचेला लागून उभा राहिला, पुन्हा फिरला. लपायला जागा नव्हती. वर दिवा लावलेला, भोवती आम्ही सगळे, शेजारीपाजारी, कोणी काचेवर बोटाने टकटक करतो आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आडवा झाला आणि उठला नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, पाण्यात विरघळलेले तांबे अशा कवचधारी प्राण्यांना विषासमान. गंमत अशी की, या प्राण्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्यापासूनच बनलेले असते. आपल्या रक्तात लोह, तसे त्यांच्या रक्तात तांबे. जे अंगात योग्य जागी असले तर जगवते, तेच बाहेरून पाण्यात आले तर मारते. एकट्या तांब्याने तो मेला असे म्हणता येणार नाही. कच्चे पाणी, उजेड, उघडी जागा आणि आमची गर्दी यांचाही त्यात वाटा होता. नातवाने कोणालाही दोष दिला नाही. त्याने पेटी रिकामी केली, बाहेर ओट्यावर उलटी ठेवली आणि म्हणाला, “पेटी तयार नव्हती, आजोबा.” मग तो वर गेला आणि दार लागले.

ते वाक्य त्या दिवशी आम्हाला पेटीविषयीचेच वाटले. रात्री झोप येईना तेव्हा ते दुसऱ्या अर्थाने कानात वाजू लागले.

आठवडाभराने आम्ही दोघे जिना चढून त्याच्या दाराशी गेलो. आत न शिरता बाहेरूनच विचारले, “पेटी तयार करायला किती दिवस लागतात?” बऱ्याच वेळाने उत्तर आले, “सहा आठवडे.” आम्ही म्हटले, “मग सहा आठवडे.” आम्हाला घाई नाही हे आम्ही त्याला पहिल्यांदाच सांगत होतो.

या वेळी पेटी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घेतली. तळाशी चाळून आणि धुऊन घेतलेली बारीक वाळू सहा इंच पसरली, तिच्यात शिंपल्यांचा चुरा मिसळला. कारण बीळ करणाऱ्या प्राण्याला चार बोटे वाळू देणे म्हणजे पाहुण्याला अर्धी चटई देण्यासारखे. पाणी नाखवांनी खाडीच्या तोंडापासून दूर, खोल समुद्रातून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून आणून दिले. हंडा माळ्यावर गेला. पाण्याची क्षारता मोजायला तरता काटा आणला; तो १.०२३ ते १.०२५ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. पाणी आटते तेव्हा मीठ मागेच राहते, म्हणून आटलेल्या पाण्याची भर खाऱ्या पाण्याने नव्हे तर गोड्या पाण्याने करायची, हा धडा आम्हाला नातवाने दिला. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी ठरले.

नंतर आला सर्वांत अवघड भाग, तो म्हणजे काहीच न करण्याचा. रिकाम्या पेटीत नातवाने करंदीचे दोन तुकडे टाकले आणि ते कुजू दिले. घरात पाहुणा नाही आणि ताट मात्र वाढलेले, असा तो प्रकार! पण त्यामागे शास्त्र आहे. प्राण्याची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो जलचरांना घातक असतो. वाळूवर आणि गाळणीवर हळूहळू एक प्रकारचे जिवाणू वस्तीला येतात व अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात; तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू येतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे अदृश्य बिऱ्हाडकरू आधी राहायला आल्याखेरीज पेटी राहण्याजोगी होत नाही. त्यांना विकत घेता आले तरी घाई करता येत नाही. नातू दर तीन दिवसांनी कुपीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा, रंग तक्त्याशी ताडून पाहायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पाणी तपासताना तो खाली बैठकीच्या खोलीत यायचा. आम्ही त्याच्याशी बोलायचा प्रयत्न सोडून दिला होता. नुसते शेजारी बसायचो. कधी मटार सोलत, कधी वर्तमानपत्र वाचत. हळूहळू त्याने वही खालीच ठेवायला सुरुवात केली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. नाखवांना निरोप गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेच्या खेपेतला, अंगावर जखम नसलेला, सुमारे साडेचार इंचांचा एक प्राणी झाकणाच्या बादलीतून घरपोच आणून दिला. त्यांच्या धंद्यात या जिवाला किंमत नाही; तरी तो निवडताना त्यांनी चार बाजूला टाकून पाचवा घेतला होता, हे आम्ही विसरणार नाही.

बादलीतले पाणी वेगळे आणि पेटीतले वेगळे. दोन्हींचा खारेपणा आणि उबही निराळी. एकदम सोडले तर धक्का बसतो. तेव्हा पेटीतले पाणी थेंबाथेंबाने बादलीत उतरवायचे होते. त्यासाठी पातळ नळी आणि प्रवाह कमी-जास्त करायची सोय हवी. आमच्यापैकी एकीने आयुष्याची तीस वर्षे इस्पितळात परिचारिका म्हणून काढली आहेत. तिने औषधांच्या दुकानातून सलाइनची नवी कोरी नळी मागवली, चाक फिरवून थेंब बांधून दिला आणि घड्याळ समोर ठेवून ती खुर्चीवर बसली. दोन तास ती हलली नाही. एखाद्या अत्यवस्थ रुग्णाच्या उशाशी बसावे तशी ती बसली होती. बादलीतले पाणी तिप्पट झाले तेव्हा कुठे तिने ‘आता सोड’ म्हटले. नातवाने प्लास्टिकचा डबा बादलीत बुडवून प्राण्याला हात न लावता अलगद उचलले आणि पेटीत आडवा केला.

या वेळी घर तयार होते. दोन इंच व्यासाचा फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप वाळूत तिरपा पुरला होता, दोन्ही तोंडे उघडी. कारण हे प्राणी बिळाला दोन वाटा ठेवतात आणि आत अंगाची गुंडाळी करून उलट फिरतात, तेवढी रुंदी त्यांना लागते. तीन बाजूंच्या काचांना काळा कागद लावला होता. दिवा बंद. शेजाऱ्यांना निरोप गेला होता की, पंधरा दिवस कोणी येऊ नये. पाहुणा तळाला टेकला, मिशा हलवल्या, आणि देठांवरचे दोन डोळे दोन निरनिराळ्या दिशांना फिरवत पाइपाच्या तोंडाशी गेला. क्षणभर थांबला. मग आत शिरला आणि दिसेनासा झाला.

तो नऊ दिवस दिसला नाही.

आमच्या घराला त्या नऊ दिवसांइतकी परीक्षा क्वचितच झाली असेल. काचेवर टकटक करायची नाही, पाइप हलवायचा नाही, पेटीत हात घालायचा नाही, असे तीन नियम नातवाने कागदावर लिहून चिकटवले होते. पहिले दोन दिवस अन्नही द्यायचे नव्हते. तिसऱ्या रात्री बांबूच्या लांब काडीला करंदीचा तुकडा टोचून तोंडाशी धरला. काही घडले नाही. तुकडा तासाभराने काढून घेतला, नाहीतर पाणी बिघडते. चौथ्या रात्री तेच, पाचव्या रात्रीही तेच. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, आत मेला असेल, पाइप उचलून पाहावा. दुसरीचे म्हणणे, रोग्याला दर पाच मिनिटांनी उठवून ‘बरे वाटते का’ विचारणारे नातेवाईकच त्याला लवकर मारतात. नातू दोघांचे ऐकून घ्यायचा आणि पाण्याची कुपी तपासायचा. “पाणी ठीक आहे,” एवढेच तो म्हणायचा. “जिवंत आहे. त्याला आत राहायचंय, तर राहू द्या.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पाच महिने ज्या दारावर आम्ही सकाळ-संध्याकाळ टकटक केली होती ते माडीवरचे दार आम्हाला आठवले. त्या दिवसापासून आम्ही तेही वाजवणे सोडले. जेवण झाले की जिन्याखालून एक हाक, तीही एकदाच.

नवव्या रात्री नातवाने विजेरीला लाल कागद गुंडाळला. लाल उजेडाने तो प्राणी बिचकत नाही, असे त्याने वाचले होते. तो आम्हाला उठवायला आला. साडेअकरा वाजले असतील. पाइपाच्या तोंडाशी दोन डोळे होते. काडी पुढे गेली. काय झाले ते दिसलेच नाही. फक्त काडीला एक हिसका बसला आणि तुकडा नाहीसा झाला. नातू मोठ्याने हसला. ते हसू आम्ही त्याच्या वयाच्या तिसऱ्या वर्षी, एका सुट्टीत ऐकले होते. नंतर ते फोनवरच ऐकू आले होते आणि मग तेही नाही. शेजारच्या घरात दिवा लागला तेव्हा आम्हाला वेळेचे भान आले.

नाताळपर्यंत पाहुणा संध्याकाळी तोंडाशी येऊन बसू लागला. जानेवारीत त्याने पाइपाच्या एका टोकाकडून वाळू उपसून आपली स्वतःची वाट काढली. पंजांच्या ओंजळीत वाळू आणून तो ती नीट एका बाजूला टाकायचा. काडी घेऊन कोण आले आहे हे त्याला कळते, असे नातवाचे ठाम मत. आम्ही त्यावर वाद घातला नाही. या प्राण्यांना आपल्या प्रतिस्पर्ध्याची ओळख वासावरून पटते, हे तर प्रयोगांनी दाखवलेलेच आहे.

फेब्रुवारीत पुन्हा घोर लागला. त्याने खाणे सोडले आणि दोन्ही तोंडे वाळू-शिंपल्यांनी आतून बुजवून घेतली. कवच असलेल्या प्राण्याला वाढायचे तर जुने कवच टाकावे लागते. नवे कवच टणक होईपर्यंत तो अगदी मऊ असतो, कोणीही त्याला खाऊ शकते. म्हणून तो कोंडून घेतो. हे ठाऊक असूनही सातव्या दिवशी नातवाचा धीर सुटला. सकाळी एका तोंडाची वाळू सरकलेली होती आणि बाहेर तो पडला होता: पंजे, मिशा, शेपटी, सगळा. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. या खेपेला धीर आम्ही धरला. लांब चिमट्याने ते शरीर उचलून बशीत घेतले. हाताला वजन लागेना. पाठीवर चीर होती आणि आत काही नव्हते. डोळ्यांवरची पारदर्शक टोपणेसुद्धा शाबूत होती. जणू कोणी अंगरखा उतरवून ठेवला असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे बिळाच्या तोंडाशी ओल्या, ताज्या रंगाचा तो स्वतः बसलेला दिसला.

त्याच वेळी नातवाने आम्हाला एक गोष्ट सांगितली. खडकांच्या बिळांत राहणाऱ्या यांच्याच भाऊबंदांवर शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात प्रयोग केले. नुकतीच कात टाकलेला प्राणी इतका मऊ असतो की, त्याला फटका मारता येत नाही. मारला तर त्यालाच इजा व्हायची. तरीही दुसरा कोणी बिळात शिरू लागला की तो पंजे फाकून उभा राहतो, सगळी ताकद असल्यासारखा. निव्वळ आव! पण पुष्कळदा तेवढ्याने समोरचा परत जातो. हे सांगून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बशीतल्या कवचाकडे पाहत म्हणाला, “मी आलो तेव्हा शाळेत मुलं विचारायची, तुझे आईबाबा का नाही आले. मी म्हणायचो, मला इथंच आवडतं.”

आम्ही काय बोलणार? आजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने तो फिरवू दिला.

त्या रविवारी त्याच्या आईचा मस्कतहून फोन आला. नेहमी तो फोन तीन मिनिटांत संपायचा. त्या दिवशी त्याने कवच फोनसमोर धरले, बिळाची वाट दाखवली, वहीतले आकडे वाचून दाखवले. बोलता बोलता तो म्हणाला, “तू मे महिन्यात येशील ना, तेव्हा आपल्या घरी रात्री जागायचं. तो रात्रीच दिसतो.” इतके दिवस तो ‘आजीच्या घरी’ म्हणत असे. फोन ठेवल्यावर आम्ही त्यावर काही बोललो नाही. काचेवर टकटक करायची नसते, हे एव्हाना आम्हाला कळले होते.

पाहुणा आमच्याकडे सव्वा वर्ष राहिला. २०२५ सालच्या मार्चमध्ये एका सकाळी तो बिळाबाहेर पडलेला दिसला. नातवाने चिमट्याने उचलून पाहिले, वजन हाताला लागले, आणि तो समजला. त्याने त्याला अंगणातल्या नारळाखाली पुरले. रडला, मोकळेपणाने, आमच्या देखत.

पंधरवड्याने त्याच्या वर्गातला एक मुलगा घरी आला. त्यालाही बंदरावरून असाच एक प्राणी आणायचा होता, लगेच, त्याच शनिवारी. पेटी आहे, पाणी आणतो, आणखी काय लागते, असे तो विचारत होता. आम्ही स्वयंपाकघरात होतो. बाहेरून आमच्या नातवाचा आवाज आला, सावकाश आणि ठाम: “आधी पेटी रिकामी ठेवायची. सहा आठवडे. रोज तिच्यापाशी बसायचं. मग त्याला आणायचं, आणि आणल्यावर त्याला बाहेर बोलवायचं नाही.”